तीन एप्रिलची शांतता

१

तीन एप्रिल, सकाळचे आठ वाजून अकरा मिनिटं आणि सदतीस सेकंद. ही वेळ मी लक्षात ठेवलेली नाही, यंत्राने ठेवली. फाईल जतन झाली की यंत्र तिच्यावर वेळेचा शिक्का मारतं. त्या शिक्क्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. कुणाला खोटं वाटलं तर दाखवता यावा म्हणून काढला होता. अजून कुणी मागितलेला नाही.

शेनझेनच्या बाओआन भागात एका बॅटरीवाल्याच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, आमचा छोटा कारखाना आहे. आम्ही डॅक बनवतो. साबणाच्या वडीएवढी राखाडी डबी. कॉम्प्युटरमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. ही डबी त्या आकड्यांचा आवाज करते आणि तो हेडफोनमध्ये येतो. डबीने आवाज किती खरा केला आणि त्यात पदरचं किती घातलं, हे मोजायचं माझं काम.

मोजायला मला गेंग उस्तादांनी शिकवलं. डबीला एक सरळ सूर द्यायचा. दुसऱ्या बाजूने तो बाहेर आला की यंत्र नेमका तेवढाच सूर छाटून टाकतं. जे उरतं ते डबीचं पाप. पडद्यावर उंच काटे दिसले तर तो वाकडेपणा, आणि अगदी तळाशी जे खुरटं हलत असतं ती खरखर. आम्ही तिला गवत म्हणतो. गवत जितकं खाली तितका माल चांगला.

पण त्याआधी रोज सकाळी यंत्राला शांतता शिकवावी लागते. यंत्राच्या तोंडात तारेचं एक मुकं बूच खोचायचं, ज्यातून काहीच येत नाही. दार लावायचं, बटण दाबायचं. तीस सेकंद यंत्र स्वतःचीच खरखर ऐकतं आणि ‘हे म्हणजे काही नाही’ असं लिहून ठेवतं. मग दिवसभर प्रत्येक डबीच्या मोजमापातून तेवढं वजा करतं. मालकाने त्यावर आणखी एक युक्ती काढली होती. तीच शांतता उलटी करून प्रत्येक डबीच्या पोटात लिहायची, म्हणजे डबी गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावरही तेवढं वजा करत राहते.

शांतता घेताना खोलीत एकच माणूस, आणि त्याचे हात मांडीवर. उस्तादांचा हा नियम होता. त्या सकाळी खोलीत आम्ही दोघी होतो.

२

दुसरी माझी मुलगी, मानमान. साडेतीन वर्षांची. एरवी ती आमच्या गल्लीतल्या फू आजींकडे असते. फू आजी तीन पोरं सांभाळतात. पण पाच तारखेला छिंगमिंगचा सण होता. आईवडिलांची थडगी साफ करायला त्या आधीच गावी गेल्या. माझा नवरा देशंग दूर उत्तरेत पुलाच्या कामावर. पोर ठेवणार कुणाकडे?

आमच्या लाइनची प्रमुख लियाओ ताई जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. मानमानच्या पायात वाजणारे बूट, टाच टेकली की च्यूं करणारे. लियाओ ताईने ते आधी ऐकले, मग आम्हाला पाहिलं.

“ही काय, नवी भरती वाटतं?”

“एकच दिवस, ताई. फू आजी गावी गेल्यात.”

“आणि मालक टपकला म्हणजे?”

“तपासणीच्या खोलीत कोण येतंय? टेबलाखाली बसवते.”

“बसव बाई. पण त्या बुटांचं तोंड बंद कर. खालच्या बॅटरीवाल्यालाही कळलं असेल कोण आलंय ते.”

तपासणीची खोली म्हणजे पत्र्याने मढवलेलं कपाटच. खिडकी नाही, दाराला कमरेपासून वर काच. बाहेरची वीज, बाहेरचे मोबाईल, काही आत येऊ नये म्हणून तशी बांधली आहे. पण ओल येतेच. त्या दिवसांत आमच्याकडे दक्षिणेचा दमट वारा सुटतो आणि भिंतींना घाम फुटतो. फरशी अशी ओली, कुणीतरी नुकतीच पुसून गेल्यासारखी.

मी मानमानला टेबलाखाली पुठ्ठ्यावर बसवलं आणि म्हणाले, “आता आई हो म्हणेपर्यंत हूं नाही की चूं नाही. तू इथे नाहीसच, असं बसायचं. जमेल?”

तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले आणि मान हलवली. खेळ वाटला तिला.

मी बटण दाबलं. तीस सेकंद. संपल्यावर खाली वाकून बघते तर तिचा एक हात तोंडावर आणि दुसऱ्या हातात बुचाची तार. लोंबत होती म्हणून धरली असेल. माणसाने तार धरली की गवत वाढतं. आपलं अंग भिंतीतल्या विजेची गुणगुण झेलतं आणि ती तारेत उतरते. काल लागलेल्या पोरीलाही हे ठाऊक असतं. पुन्हा घ्यायला हवं होतं. पण काचेवर लियाओ ताईची बोटं वाजत होती, आणि चाळीस डब्या रांगेत होत्या.

मी ‘जतन’ दाबलं. वर शिक्का उमटला.

३

पहिल्याच डबीचं गवत पडद्यावर दिसेना. मला वाटलं तार सुटली. तार जागेवर होती. दुसरी डबी, तिसरी डबी, तेच. मोठी संख्या वजा केली की उरतं ते कमी दिसणारच, एवढा हिशेब मलाही येतो. मी सांगणार होते. तेवढ्यात लियाओ ताईने कागद ओढून घेतला आणि पळत मालकाकडे गेली.

दुपारी सगळ्यांना दुधाचा चहा आला, वरच्या साबुदाण्यासकट. मालक स्वतः काचेपाशी येऊन हसून गेला. मानमान तेव्हा टेबलाखाली झोपली होती. मालक म्हणाला, ही शांतता आता रोज घ्यायची नाही. हीच कायम. लियाओ ताईने फाईलला कुलूप घातलं.

एकट्या गेंग उस्तादांनी चहा घेतला नाही. ते जुन्या पद्धतीचे. विसातली एक डबी ते यंत्राविना नुसत्या कानांनी तपासतात. गाणं न लावता, आवाज पूर्ण चढवून.

“काय उस्ताद, तोंड का पाडलंत?” लियाओ ताई म्हणाली. “इतका स्वच्छ माल आपल्याकडे कधी झालाय का?”

“नाही झाला, म्हणूनच. इतकं स्वच्छ घर नसतं, पोरी. असलं तर समजायचं, पाहुणे यायच्या आत घाईने काहीतरी पलंगाखाली लोटलंय.”

माझ्या हातातला चहा गार झाला. पण मी गप्पच बसले. पोराला आत आणलं म्हणून नोकरी गेली तर महिन्याचं खोलीभाडं कुठून आणायचं, हेच डोक्यात.

संध्याकाळी मी मानमानला घेऊन घरी निघाले. भाजीबाजारापर्यंत आल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. पिशवी होती, छत्री होती, पोरीचं बोट माझ्या हातात होतं. मग समजलं. बूट वाजत नव्हते. ती मुद्दाम टाचा आपटत चालली होती आणि काही वाजत नव्हतं.

वाटलं पाणी शिरलं असेल. घरी बूट काढून अंगठ्याने टाच दाबली. च्यूं. दुसरा दाबला. च्यूं. पुन्हा तिच्या पायात घातले आणि म्हटलं, नाच बघू. ती नाचली.

त्या नाचण्याकडे मी फार वेळ पाहू शकले नाही.

४

मी काही बुद्धी गहाण टाकलेली बाई नाही. बूट म्हणजे रबर. वजन कमी पडत असेल, पोर हडकली असेल. दुसऱ्या दिवशीपासून तिला ताटात एक अंडं जास्त दिलं. ती अंडं खाताना चमचा वाडग्यावर आपटत होती, नेहमीसारखी. चमचा आपटल्याचं मला दिसत होतं.

छिंगमिंगच्या सुट्टीत देशंगचा फोन आला. मानमानने फोन दोन्ही हातांनी धरला आणि बाबांना बोटीचं गाणं म्हणून दाखवलं. मला ते ऐकू येत होतं, पण दोन भिंतींपलीकडून आल्यासारखं. मी फोन घेतला.

“किती छान म्हणाली नाही?”

“कोण? अगं, मी मघापासून हॅलो हॅलो करतोय. दे की तिला.”

“तीच तर बोलत होती!”

“तुझा फोन बदल. बाजारातला चिनी माल घेतलास वाटतं,” तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. मीही हसले. मी हसत असताना मानमान माझ्याकडे बघत होती.

सात तारखेला मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने घसा पाहिला, ठीक. छातीला नळी लावली. मग त्याने नळीच्या टोकावर टिचकी मारली. स्वतःच्या छातीला लावून पाहिली. पुन्हा तिच्या. मग नर्सला म्हणाला, “दुसरी आणा, ही बिघडलीय.” दुसरी आणली. त्याने ती कानातून काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोर खेळतंय ना? मग झालं. बाहेर बसा.”

फू आजी गावाहून परत आल्या होत्या. आठ तारखेला मी मानमानला त्यांच्याकडे सोडलं. संध्याकाळी घ्यायला गेले तर दोन पोरांसमोर पेजेचे दोन वाडगे होते. मानमान त्याच चटईवर, त्यांच्याच शेजारी, तोंडावर दोन्ही हात धरून बसली होती.

“आजी, हिचा वाडगा?”

फू आजींनी चटईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं बाई! मला वाटलं आज तू हिला आणलंच नाहीस.”

मी त्यांना नाही नाही ते बोलले. पाच वर्षं पोरं सांभाळणारी बाई, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, म्हातारपण, दुसरं काय.

नऊ तारखेला सकाळी मी भाताचा डबा भरला, खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि जिना उतरायला लागले. दोन मजले उतरले. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी पोराला हाक मारली, “चल लवकर,” आणि माझा हात आपसूक बोट शोधायला मागे गेला.

मी वर कशी चढले मला आठवत नाही. मानमान दाराच्या आत उभी होती. गाल ओले, तोंड उघडं. ती रडत होती. दारापलीकडून मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

५

त्या दिवशी मी तिला सरळ कारखान्यात नेलं. लियाओ ताई जिन्याच्या तोंडाशी होती. मानमान तिच्या पायाला घासून गेली तरी ती म्हणाली, “आज एकटीच? आजी आल्या वाटतं?”

मी तशीच पुढे झाले. गेंग उस्तादांच्या टेबलाशी गेले. ते कानाला हेडफोन लावून बसले होते, डोळे मिटून. समोर एक डबी, तिच्यात गाणं नाही, काही नाही. मला पाहून त्यांनी हेडफोन काढला.

“यानलिंग, तुला एक विचारू? मी म्हातारा झालोय. कान वाजत असतील. पण तीन तारखेपासूनच्या डब्यांत, खरखरीच्या खाली, काहीतरी आहे. सगळ्यांत सारखं नाही. एकेकात एकेक.”

मी हेडफोन लावला. आधी नुसती खरखर, लांबवर पाऊस पडावा तशी. मग त्या पावसाच्या आत, अगदी बारीक, च्यूं. थांबला. च्यूं. मी दुसरी डबी लावली. चमचा वाडग्यावर. तिसरी. कुणीतरी तोंडावर हात धरून श्वास रोखला होता, आणि आता रोखवत नव्हता म्हणून तो बोटांच्या फटीतून सुटत होता.

मी स्वतःला समजावत होते. या सगळ्यात मायक्रोफोन कुठेच नाही. तारेला तार जोडलेली. बुचाला कान नसतात. तिने तार धरली तर विजेची गुणगुण येईल, श्वास कसा येईल? आणि चमचा? चमचा तर घरी होता, तीन तारखेच्या नंतरचा. फाईल आधीची. हे बसतच नव्हतं कशात. पण तिला मीच सांगितलं होतं, तू इथे नाहीसच. आणि त्याच तीस सेकंदांत यंत्राने लिहून ठेवलं होतं, हे म्हणजे काही नाही. तेव्हापासून एकेक डबी तेवढं वजा करत निघाली होती.

“किती गेल्या, उस्ताद?”

“दोनशे तेरा. का गं?”

मी मानमानला पुढे केलं. त्यांना ती दिसायला क्षणभर लागला. मी सगळं सांगितलं. टेबल, पुठ्ठा, तार, बटण. मागे लियाओ ताई येऊन उभी होती, तिनेही ऐकलं.

“नोकरी जाईल तुझी,” ती म्हणाली.

“जाऊ दे.”

“माझीही जाईल, बये.” मग तिने मानमानकडे पाहिलं. डोळे बारीक करून, धुक्यात बस शोधावी तसं. फाईलचं कुलूप उघडायला कॉम्प्युटरमध्ये खोचायची गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. “मालक नाश्त्याला गेलाय. काय करायचं ते तासाभरात कर.”

६

फाईलचं कुलूप काढलं. नवी शांतता घ्यायची होती. उस्ताद म्हणाले, या खेपेला खोलीत कुणीच नको, बटण बाहेरच्या कॉम्प्युटरवरून दाबू. बूच खोचलं, दार लावलं. मी, उस्ताद, लियाओ ताई काचेबाहेर. मानमानचं बोट माझ्या मुठीत, घट्ट.

पडद्यावर गवत आलं. यायला हवं होतं त्यापेक्षा उंच. तीन एप्रिलच्या सकाळएवढंच उंच.

“कुणी तार धरलीय,” उस्ताद सवयीने म्हणाले आणि काचेकडे वळले.

मी काचेतून पाहिलं. खोली रिकामी. टेबलाखाली पुठ्ठा तसाच पडलेला. फरशीला घाम फुटलेला, आणि त्या घामावर पुठ्ठ्यापासून दारापर्यंत छोट्या बुटांचे ठसे. मानमान सकाळपासून आत गेलीच नव्हती. शेवटचे दोन ठसे दाराशी होते, चवडे आमच्याकडे. आतून काचेवर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, वाफेचा एक ठिपका उमटला. विरला. पुन्हा उमटला.

लियाओ ताई मागे सरली. माझ्या मुठीतलं बोट गार होतं.

“जतन करू?” उस्तादांनी विचारलं.

“थांबा! हात लावू नका. केलंत तर ती तिथलीच होईल.”

आमच्या गावाकडे पोर घाबरलं, खाईना-बोलेना झालं, की म्हणतात त्याचा जीव जिथे दचकला तिथेच राहिलाय. मग आई पोराचा सदरा घेऊन त्या जागी जाते आणि हाक मारते. घरी ये, घरी ये. उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यायचं असतं. आले, म्हणून. उत्तर मिळालं तर मागे न बघता घरी चालायचं. माझ्या आईने माझ्यासाठी केलं होतं, विहिरीपाशी. मी हसायचे या गोष्टीला.

मी मानमानचा सदरा काढला, दार उघडलं, उंबऱ्यावर बसले.

“मानमान, घरी ये. आईने चूक केली. तू आहेस, राणी. तू आहेस. घरी ये.”

उत्तर द्यायला मी लियाओ ताईकडे पाहिलं. ती तोंडावर हात धरून उभी होती. उस्तादही गप्प. मी पुन्हा हाक मारली.

उत्तर आलं. उस्तादांच्या टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून आलं, बारीक, पत्र्यासारखं. “आले.” आणि माझ्या शेजारी, सदऱ्यावाचून कुडकुडत, माझी मुलगी खोकली.

खणखणीत खोकली. मी तिला उचललं आणि मागे न बघता चार मजले उतरले.

७

नोकरी दोघींचीही गेली नाही. उस्तादांनी मालकाला सांगितलं, फाईल खराब झाली. आता रोज सकाळी पुन्हा शांतता घेतात. ठसे नंतर कुणी पाहिले नाहीत. दमट वाराही सरला.

मानमानचा श्वास ऐकू येतो. खोकला येतो. बोलते, पण हळू, आणि रडली तर मला अजून तिच्याकडे बघूनच कळतं. मी एकटी जिना उतरत नाही. रात्री तिच्या छातीवर हात ठेवून झोपते. चमचा अजून वाजत नाही. तो दोनशे तेरा डब्यांपैकी कुठल्यातरी डबीत आहे, आणि त्या डब्या कुठे कुठे गेल्या हे मालकालाही धड ठाऊक नाही. परत मागवायचं नाव तो काढत नाही. त्या कागदावरचे आकडे फार चांगले आहेत.

एकवीस एप्रिलला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आम्ही जिना चढत होतो. मानमानचा डावा बूट वाजला.

ती थांबली. तिने पुन्हा पाय टेकवला. च्यूं. आम्ही दोघी त्या पायरीवर बसलो आणि मी तिला वीस वेळा पाय टेकवायला लावलं. त्या वेळी कुठल्यातरी गावात, कुणीतरी डबी लावून, गाणं सुरू करायच्या आधी काहीतरी ऐकलं असणार. आणि त्या माणसाने आवाज कमी केला नसणार. ‘कोण आहे?’ असं विचारलं असेल. तेवढंही पुरलं असेल.

म्हणून हे लिहिलं. डबी राखाडी आहे, साबणाच्या वडीएवढी, तळाला तारखेचा शिक्का. तीन एप्रिल ते आठ एप्रिल यांतला कुठलाही असेल तर गाणं लावण्याआधी थोडं थांबा. आवाज चढवा. खरखरीखाली काही हललं तर तिला गप्प करू नका, ते मी एकदा केलं आहे. नुसतं म्हणा, मानमान, घरी ये. डबीला कान नाहीत हे मला ठाऊक आहे. बुचालाही नव्हते.

तुमच्याकडे अशी डबी नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याला सांगा. तसा कुणी ठाऊक नसेल तर पुढच्याला सांगा, त्याने त्याच्या पुढच्याला सांगावं. उजवा बूट अजून मुका आहे.